उंदीर बिळात, रायफल खांद्यावर



गेल्या दोन-तीन महिन्यांत आठ-दहा पोरांनी मला एकच गोष्ट विचारली. "आप्पा, उंदरासाठी कुठली रायफल घेऊ?" औषध कुठलं, प्रमाण किती, कधी टाकायचं, हे एकानंही विचारलं नाही. कारण काय, तर मोबाईलवरचे परदेशातले व्हिडिओ. गोरा माणूस जीपच्या बॉनेटवर कोपर टेकवतो, दुर्बिणीतून बघतो, टक् असा आवाज येतो आणि लांब गवतात एक जनावर आडवं होतं. मागं वाजंत्री. आणि खाली आपल्यातल्याच कुणीतरी मराठीत चिकटवलेलं, 'शेतकऱ्यांनो, असा करा बंदोबस्त'.

आज त्यावरच लिहितो. जरा तिखट होईल. ज्यानं घेतली आहे त्यानं राग मानू नये, मानला तरी माझी हरकत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की उंदीर हे सगळ्या शिवाराचं दुखणं आहे आणि रायफल ही एकट्यानं खांद्यावर घेऊन मिरवायची वस्तू आहे. या दोघांचं जमत नाही. कंपनी बदलून, दुर्बीण बदलून, छर्रे बदलून जमणार नाही.

आधी त्या व्हिडिओतली रायफल काय आहे ते समजून घ्या. ती असते बावीस बोअरची. तिला रिमफायर म्हणतात, कारण तिच्या काडतुसाच्या बुडाला जी कड असते त्या कडेत पेट घेणारा मसाला भरलेला असतो. घोड्याची सुई त्या कडेवर आपटली की बार होतो. काडतूस एकदा उडालं की टाकून द्यायचं, परत भरता येत नाही. स्वस्त, आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही. म्हणून अमेरिका, ऑस्ट्रेलियात ससे, खारी असली छोटी जनावरं मारायला तीच वापरतात. गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, पण गेली तर मैलभराच्या पुढं जाते. त्यांचं एकेक रान शेकड्यांनी एकर. जनावर दिवसा बाहेर येणारं. मागं मातीचा उंचवटा बघून बार टाकायचा, ही त्यांची पहिली शिकवण.

आता आपल्याकडं या. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणं महाराष्ट्रात सरासरी खातं १.३४ हेक्टरचं. म्हणजे सव्वातीन एकर, त्यातही दोन-तीन ठिकाणी तुकडे. तुमच्या बांधावरून उडालेली गोळी तुमच्या रानात पडणारच नाही. ती भावकीच्या रानावरून, ओढ्यावरून, डांबरीवरून जाऊन कुठल्या तरी वस्तीवर उतरेल. आणि मागं उंचवटा कुठला, मागं तर वाढलेला ऊस. उसाच्या पलीकडं कोण आहे ते देवाला ठाऊक.

बरं, ज्यांच्याकडं पाहून आपण हे शिकायला निघालो त्यांचं तरी रायफलीनं भागलं का? ऑस्ट्रेलियात १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीच्या हौसेपायी व्हिक्टोरियात रानससे सोडले. पुढच्या पन्नास वर्षांत त्यांनी खंडाचा मोठा भाग व्यापला. घरटी बंदूक असलेला मुलुख तो. बंदुका झाल्या, सापळे झाले, विष झालं. पश्चिम भागात १९०१ ते १९०७ अशी सहा वर्षं खपून हजारो किलोमीटरचं कुंपण घातलं, ससे त्याच्याही पलीकडं गेले. पहिल्यांदा खरा फरक पडला तो १९५० ला, सशांना होणारा एक विषाणूजन्य रोग मुद्दाम सोडल्यावर. आणि आजही तिथले जाणकार सांगतात की ससा हटवायचा तर त्याचं बीळ नांगरानं मोडा. जमिनीखाली घर करणारं आणि भरभर विणारं जनावर वरून गोळ्या घालून संपत नाही, हे त्यांनी करोडो सशांवर शिकून घेतलंय. आपण मात्र त्यांची हौस तेवढी उचलली.

कायदा पण ऐका, कारण दुकानदार हा सांगत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी शेतकऱ्याला काय मिळू शकतं तर ठासणीची बंदूक. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची. बावीस बोअरचं नाव त्याच कलमात आहे, पण ते मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला, नेमबाजीच्या सरावासाठी. म्हणजे कागदावरच्या गोल चकत्या मारायला बावीस बोअर आणि पीक वाचवायला शेतकऱ्याला ठासणीची, गज घालून दारू ठासायची. ज्यानं हे लिहिलं त्यानं रात्रीच्या अंधारात, दवात, ठासणीची बंदूक भरून बघितली असेल असं वाटत नाही. आणि एवढं करून परवाना मिळालाच, तर निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. रानडुकराला आचारसंहिता लागू नसते.

म्हणून पोरं वळतात एअर रायफलीकडं. १७७ ची, म्हणजे साडेचार मिलिमीटर छर्ऱ्याची, २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही. माझ्या पुतण्यानं मार्चअखेर नवी आणली. लाकडी दस्ता, नळी मोडून छर्रा भरायची, वर दुर्बीण. म्हणाला, "आप्पा, तुम्ही न वापरताच नावं ठेवताय." ठीक आहे म्हटलं. वस्तू वापरल्याशिवाय तिच्यावर बोलायचं नाही हा माझा नियमच आहे. बियाणं असो नाहीतर फवारणी पंप.

वस्तू म्हणून वाईट नाही, हे आधी सांगतो. पंधरा मीटरवर दुर्बीण जुळवून घेतली की रुपयाएवढ्या जागेत छर्रे बसतात. अंतर वाढलं की छर्रा खाली उतरतो, वारा असला की बाजूला जातो, पण पत्र्याच्या डब्याला काही अडचण नाही. स्प्रिंगचा झटका पुढं-मागं दोन्हीकडं बसतो, म्हणून दुर्बिणीचे स्क्रू दर पंचवीस-तीस बारांनी बघावे लागतात. डबा मारायचा असेल तर खुशाल घ्या.

मग उन्हाळी भुईमुगात उतरलो. तुकडा ३० गुंठ्यांचा, एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचा खोडवा. आदल्या संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवली, सकाळी उघडलेली मोजली. ३८ भरली. ही चालू बिळं. त्यानंतर तीन रात्री, रोज नऊ ते साडेअकरा, मी बॅटरी धरायला आणि पुतण्या बार टाकायला. ३१ छर्रे उडाले. लागला असं दिसलं ते ९ वेळा. हातात आले ४. बाकीचे पाच लागलेल्या छर्ऱ्यासकट बिळात गेले. आत कधी मेले, मेले का नाही, काय माहीत. चौथ्या सकाळी परत तसंच बुजवून मोजलं, ३६ चालू. दोन माणसांचे साडेसात तास, आणि दोन बिळं कमी.

पण खरी मेख त्या चार उंदरांत आहे. त्यातले तीन लांब शेपटीचे, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असलेले, मागच्या पायांवर उड्या मारत पळणारे. हा उंदीर हलक्या, कोरड्या रानात, बांधाच्या कडेला राहतो. बीळ उघडं ठेवतो. रात्री उजेडात उभा राहून टकमका बघतो. रायफलवाल्याला तो सोपा. भुईमुगाच्या शेंगा आणि उसाच्या खालच्या कांड्या कुरतडून आपलं कंबरडं मोडतो तो हा नव्हे. तो काळपट, आखूड तोंडाचा, जाड अंगाचा, कोंडीत सापडला की केस उभे करून फिसकारणारा. कृषीच्या मुलांना त्याचं बँडिकोटा बेंगालेन्सिस हे नाव पाठ असतं. तो बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग लावतो आणि तोंड आतून बुजवून बसतो. त्याचा भुयारातच संसार आणि भुयारातच कोठार. बीळ खणलं की शेंगांचा साठा निघतो, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तो तुमच्या दुर्बिणीसमोर येणार कधी आणि तुम्ही चाप ओढणार कधी?

म्हणजे ज्याचा फोटो टाकून 'आज चार उडवले' म्हणून मिरवतात तो बहुतेक वेळा दुसराच असतो. खरा चोर खाली शेंगा मोजत बसलेला असतो.

आता दुसऱ्या रात्रीचं सांगतो. बांधाच्या कडेला दोन डोळे चमकले. पुतण्यानं नेम धरला. तेवढ्यात मला त्याच्या पुढं, खोडव्याच्या कडेला, बारीक उजेड हलल्यासारखा वाटला. मी नळीवर हात ठेवला. शेजाऱ्याचा गडी होता, डोक्याला बॅटरी बांधून दारं मोडत होता. आमच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. तुमच्याकडंही असते. शेतीची थ्री फेज रात्री येते म्हणून अर्धं शिवार रात्री रानात वाकलेलं असतं. कुणी पाणी धरतंय, कुणी मोटरीचा फ्यूज बघतंय, कुणी पाइपाजवळ पोतं टाकून झोपलंय. उंदीर बाहेर यायची आणि माणूस रानात असायची वेळ एकच आहे. एअर रायफलीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, पण डोळ्यात गेला तर डोळा गेला. दगडाला लागून उलटा फिरला तर कुणाकडं फिरेल याचा नेम नाही. "अंतर लांब होतं आप्पा, काही झालं नसतं," असं पुतण्या म्हणाला. नसतं झालं कदाचित. पण कदाचित या शब्दावर मी शेजाऱ्याच्या गड्याचा डोळा लावणार नाही. त्याला घरी दोन लेकरं आहेत.

शिवाय हातात रायफल आली की पोरगं उंदरावर थांबत नाही, हा माझा अनुभव तरी सांगतो. उंदीर दिसला नाही की पोपट, पोपट नाही तर ससा, आणि एखाद्याला मोर. मोर पहिल्या परिशिष्टात आहे, शिकार सिद्ध झाली तर किमान तीन वर्षं आत. पोपट आणि ससाही संरक्षित. पूर्वी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पाचवं परिशिष्ट होतं, त्यात उंदीर, कावळा, वटवाघूळ उपद्रवी म्हणून टाकले होते. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच काढून टाकलं. त्यामुळं 'उपद्रवी आहे, मारलं तर चालतंय' असं परस्पर ठरवून बार टाकू नका. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ही पोरं धामण मारतात आणि घुबड मारतात. ज्या दोघांनी फुकटात, न सांगता, रात्रंदिवस उंदीर खायचं काम घेतलंय तेच दोघं. गव्हाणी घुबड रात्रीत एक-दोन उंदीर सहज उचलतं, आणि पिल्लं असली तर जास्त. आमच्या तीन रात्रींचा हिशोब वर दिलाय. घुबडाला अशुभ म्हणणाऱ्यानं तो एकदा बघावा.

आता काहीजण म्हणणार, "ते उंदराचं ठीक आहे, पण रानडुकराला तरी?" रानडुकराला १७७ चा छर्रा म्हणजे खाजवल्यासारखं. आणि कुणी कुठून चोरूनमारून बावीस बोअर आणलीच, तर ते आणखी वाईट. मरणार नाही, जखमी होईल आणि उसात शिरेल. त्या फडात दुसऱ्या दिवशी पहाटे कोयता घेऊन कोण शिरणार? ऊसतोडीची टोळी. मागं कोपीपाशी त्यांची लेकरं. जखमी डुकराचा सुळा मांडीत घुसला की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय ते असल्या गप्पा मारत नाहीत. डुकराचा प्रश्न खरा आहे, फार मोठा आहे. कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोकादायक झालेल्या अशा जनावराला मारायची परवानगी द्यायची सोय आहे. ती परवानगी वेळेत मिळावी, मारायला तयार आणि जबाबदार माणूस सरकारनं द्यावा, हे मागायचंच आणि जोरात मागायचं. जनावर सरकारचं आणि खाल्लेलं पीक माझं, ही वाटणी मला मान्य नाही. पण त्या भांडणात ही खेळण्यातली रायफल मधे आणू नका. आपण छर्रे उडवत बसलो की वरच्यांना बरंच आहे. शेतकरी काहीतरी करतोय, बघून घेईल त्याचं तो.

मग उंदराचं काय? भुईमुगाच्या त्याच तुकड्याची पुढची टिपणं देतो.

३६ चालू बिळं होती. आधी दोन दिवस बिनविषारी आमिष दिलं, म्हणजे भरड आणि तेल, बाकी काही नाही. उंदीर संशयी जात आहे, आधी चाखतो, मग खातो. तिसऱ्या दिवशी झिंक फॉस्फाईड. प्रमाण ९६ भाग भरड, २ भाग गोडेतेल, २ भाग औषध. किलोभर करायचं तर ९६० ग्रॅम भरड, २० ग्रॅम तेल, २० ग्रॅम औषध. कागदाच्या पुड्या १० ग्रॅमच्या, म्हणजे किलोत शंभर बिळं होतात. पुडी बिळात आत ढकलायची आणि तोंड बुजवायचं. काडीनं कालवा, हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा. ओल लागू देऊ नका. ओलीनं त्यातून विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही. उरलेलं आमिष आणि मेलेले उंदीर खोल पुरा. कुत्रं, कोंबडी, लेकरू यांच्या वाटेत एक दाणा राहता कामा नये.

तिसऱ्या दिवशी मोजलं, ९ चालू. ३६ वरून ९. लगेच परत झिंक फॉस्फाईड टाकू नका. जे वाचतात ते त्या चवीला घाबरलेले असतात, शिवत नाहीत. आठ-दहा दिवसांनी ब्रोमाडिओलोनच्या वड्या, ०.००५ टक्क्याच्या, फक्त चालू बिळांत. त्यानंतर राहिली २.

इथं माझी कथा संपली असती तर 'आप्पांचं औषध भारी' म्हणून टाळ्या घेतल्या असत्या. पण मेच्या पहिल्या आठवड्यात परत बुजवून मोजलं तर ११ चालू. कुठून आले? ओढ्याच्या बांधावरून आणि शेजारच्या खोडव्यातून. माझ्या रानात जागा रिकामी झाली, बिळं आयती तयार, शेंगा आयत्या. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं. माझ्या ३० गुंठ्यांत मी काहीही केलं तरी शेजारी स्वस्थ बसला असेल तर माझं काम पंधरा दिवसांचं. औषधानं एकट्यानं जमत नाही तिथं रायफलीनं एकट्यानं काय जमणार?

रायगडकडचे कातकरी उंदीर धरायला निघतात तेव्हा बीळ खणतात, दुसरी तोंडं शोधून बुजवतात. त्यांना कुणी व्हिडिओ दाखवला नव्हता. उंदीर कुठं राहतो हे त्यांना माहीत आहे एवढंच.

आता वेळ आहे. मे महिन्यात रानं मोकळी असतात, खायला फारसं नसतं, उंदीर बांधावर आणि ओढ्याकाठी गोळा झालेला असतो. बीळ लांबून दिसतं. पेरणी झाली, पीक गुडघ्याला आलं की तुम्हीही शोधू शकणार नाही. म्हणून आमच्या ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या २३ खातेदारांना मी आणि पुतण्यानं घरोघरी जाऊन सांगितलंय. १९ जण हो म्हणाले. चौघांतले दोघं पुण्याला असतात, त्यांचे बांध आम्ही करणार. उरलेले दोघं 'बघू' म्हणालेत, त्यांच्याकडं परत जाणार.

येत्या शनिवारी संध्याकाळी पाचला सगळ्यांनी आपापल्या बांधावरची बिळं बुजवायची. रविवारी सकाळी सातला मोजणी, प्रत्येकानं आकडा वहीत लिहून द्यायचा. रविवार, सोमवार बिनविषारी भरड. मंगळवारी चार वाजता देवळाच्या पारावर पुड्या वाटणार, औषध एकाच ठिकाणी कालवणार, कुणी घरी नेऊन कालवायचं नाही. लहान पोरांना बरोबर आणू नका. बुधवार आणि गुरुवार सकाळी मेलेले उंदीर गोळा करून ओढ्यापासून लांब खड्ड्यात पुरायचे. कुदळ आणि पाट्या ज्यांच्याकडं आहेत त्यांनी आणा, हातमोजे पुतण्या तालुक्यातून आणतोय. त्याची रायफल सध्या माळ्यावर आहे. दुर्बीण तेवढी काढून ठेवलीय, ओढ्याच्या पलीकडच्या बांधावरची बिळं लांबून मोजायला बरी पडते म्हणतोय.

आजूबाजूच्या गावांतून कुणाला बघायला यायचं असेल तर रविवारच्या मोजणीला या. आपल्या गावचे कृषी सहाय्यक असतील तर त्यांनाही घेऊन या.